आतल्यांना विचारलं का?

दिनांक अकरा मार्च. तक्रार अशी, की आज सकाळी काचकारखान्याच्या व्यवस्थापकांनी आपल्या दालनात, दोन कारकुनांच्या देखत, मला असे सांगितले: माझी थोरली बहीण त्यांच्या संस्थेत कोणत्याही पदावर काम करीत नाही, सबब तिला घरी पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे विधान झाले तेव्हा माझी बहीण त्याच इमारतीत, भट्ट्यांच्या दालनाला लागून असलेल्या एका खोलीत बसलेली होती. व्यवस्थापकांना ते ठाऊक होते. कारकुनांनाही ठाऊक होते; कारण मी येऊन बसताच त्यांच्यातला एक जण उठून त्या खोलीच्या खिडकीशी गेला होता आणि मला चहा द्यावा की नाही, हे विचारून आला होता. चहा आला. मी तो प्यायले नाही.

एवढे नोंदवून झाल्यावर, जिच्याविषयी ही तक्रार आहे ती कोण, हे सांगणे मला भाग आहे. कारण कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे ती कोणीच नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि ती कॉलेजच्या पहिल्या वर्षात. तिने कॉलेज सोडले आणि एका विमा कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. माझे कायद्याचे शिक्षण तिच्या नोकरीवर झाले. वकिली मी केली नाही. ती मला का करू दिली गेली नाही, ही वेगळी तक्रार आहे आणि ती वेगळी नोंदवलेली आहे.

ताईची खोली कंपनीच्या तळघरात होती. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांची फळी, आणि हातात वायरी. वर मजल्यावर बसणारा एकही अधिकारी तिला चेहऱ्याने ठाऊक नव्हता. आवाजाने मात्र सगळे ठाऊक होते. जिन्यात कोणी खोकला तरी ती पुटपुटे, "दावे विभाग." कोणता साहेब कोणता निर्णय घेण्याआधी कोणाला फोन लावायला सांगतो, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. कंपनीचे एक बडे अधिकारी प्रत्येक मोठ्या सहीआधी तिसऱ्या मजल्यावरच्या एका टंकलेखक बाईंना फोन करीत, आणि "काय वाटतं हो तुम्हाला?" असे विचारीत. ताई म्हणायची, "कोण कोणाच्या हाताखाली आहे, ते भिंतीवरच्या तक्त्यात असतं. कोण कोणाला विचारतं, ते माझ्या फळीवर असतं."

पुढे फोन आपोआप जोडणारे यंत्र आले. ताईला तळघरातून वर आणून एका टेबलाशी बसवण्यात आले. पगार चालू, काम बंद. त्या टेबलावर एक फोन होता आणि तो कधी वाजला नाही. त्या काळात ती घरी आली की चपला काढता काढता म्हणे, "आज मला कोणी काही विचारलं नाही."

चाळिशी उलटल्यावर तिने विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. विषय संघटनशास्त्र.

"हे कसलं शास्त्र ग?" आईने विचारले.

"चार माणसं एकत्र आली की त्यांच्यापैकी एकाच्याही मनात नसतं ते कसं होऊन बसतं, त्याचं शास्त्र."

"त्याला विद्यापीठ कशाला हवं? तुझ्या मावशीच्या घरचं कुठलंही कार्य आठव."

ताई खळखळून हसली. कित्येक वर्षांनी हसली. मग तिने आमच्या घराचाच तक्ता काढून फ्रिजच्या दारावर लावला. सर्वांत वरच्या चौकोनात आई. माझा चौकोन बाजूला, तुटक रेषेने जोडलेला.

"हे काय?" मी म्हटले.

"तू सल्लागार समिती. तुझं मत घ्यायचं, आणि मग करायचं तेच करायचं."

"आणि मी वर बसून काय करते?" आई म्हणाली.

"तू सही करतेस."

मी हे गमतीखातर सांगत नाही. पुढे जे झाले ते या बाईच्या बुद्धीला न कळण्यासारखे नव्हते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. वर्गातले सिद्धान्त ती जेवताना आम्हाला सोपे करून सांगे. त्यातला एक तिचा फार लाडका होता: हुकूम हा देणाऱ्यामुळे हुकूम ठरत नाही, ऐकणाऱ्याने मानला म्हणून ठरतो. सत्ता वरून खाली येते हा निव्वळ भास. ती खालून वर जाते, आणि वरचा माणूस ती केवळ वापरतो. "खालच्यांनी उद्या देणं थांबवलं," ती म्हणे, "तर वरच्याकडे नुसती खुर्ची उरते." हे वाक्य पुढे लागणार आहे.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी एखाद्या खऱ्याखुऱ्या संस्थेचा अभ्यास करायचा होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी, जे वयाने तिच्याहून बरेच लहान आणि स्वतःविषयीच्या मताने बरेच मोठे होते, जुनी आणि मध्यम आकाराची संस्था निवडायला सांगितले. ताईने काचकारखाना निवडला.

हा कारखाना प्रयोगशाळांसाठी परीक्षानळ्या, चंचुपात्रे, बाटल्या बनवतो. काच फुंकून आकार दिला म्हणजे काम संपत नाही. तापलेली वस्तू तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून लवकर निवते, आतून उशिरा, आणि काचेच्या अंगात ताण राहून जातो. म्हणून ती दुसऱ्या एका भट्टीत ठेवून सावकाश, तासन्तास निववतात. दार घाईने उघडले तर ताण तसाच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पात्र लख्ख, निर्दोष दिसते. विकले जाते, वापरले जाते. मग एखाद्या दुपारी कुठल्याशा शाळेच्या कपाटात, कोणी हात लावलेला नसताना, ते फुटते. ताईने हे सांगितले त्याच संध्याकाळी आईने फळीवरचे काचेचे पेले उतरवून खालच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळून ठेवले.

भट्ट्यांच्या दालनात शेवटच्या भिंतीला एक लाकडी खिडकी आहे. हात घालता येईल एवढीच. तिला सरकती फळी आहे आणि ती नेहमी बंद असते. ताईने दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पाहिले की भट्टीचे दार उघडण्याआधी प्रत्येक कामगार त्या खिडकीशी जातो, फळीवर दोनदा टकटक करतो, काय करणार ते मोठ्याने सांगतो, क्षणभर मान खाली घालून उभा राहतो आणि मग परत जाऊन ते काम करतो. तिने मुकादमाला विचारले. ते संभाषण तिने मला इतक्या वेळा ऐकवले की मला पाठ आहे.

"हे काय करतात?"

"विचारतात."

"कोणाला?"

"आतल्यांना."

"आत कोण असतं?"

"आत कोणी नसतं, ताई."

"मग विचारून काय मिळतं?"

मुकादम तिच्याकडे कीव केल्यासारखे पाहत म्हणाला, "कोणी नसतं म्हणून तर काम अडत नाही."

चौकशी करता कळले ते असे. फार वर्षांपूर्वी त्या खोलीत एक निरीक्षक बसत. भट्ट्यांची तापमाने दाखवणारे काटे तेव्हा त्या खोलीत होते. मितभाषी माणूस. होकार असेल तर "हं", नसेल तर "नको", याहून तिसरा शब्द त्यांनी खर्ची घातल्याचे कोणाला आठवत नव्हते. ते निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले आणि तिथेच वारले. काटे बाहेर आले, भट्ट्यांवर बसले. पद रद्द झाले, तक्त्यातला चौकोन पुसला गेला, खोलीला कुलूप लागले. विचारणे मात्र चालूच राहिले. सध्याच्या कामगारांपैकी बहुतेकांनी निरीक्षकांना पाहिलेलेही नव्हते. नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवीत: हातमोजे कुठे असतात, पाणी कुठे असते, आणि आतल्यांना कसे विचारायचे. त्याने काही बिघडवले तर त्याला पहिला प्रश्न असे, "आतल्यांना विचारलं होतं का?" विचारले असेल, तर त्याला कोणी बोल लावत नसे.

ताईचा हर्ष गगनात मावेना. तिचा लाडका सिद्धान्त तिच्यासमोर विटा-लाकडात उभा होता. वरचा माणूस पार नाहीसा झाला आणि तरी खालून सत्ता पुरवली जात होती, रोज, पाळीमागून पाळी, एका रिकाम्या खोलीला! सर म्हणाले, प्रबंध गाजणार. पण कामगार नेमके काय काय विचारतात, ते बाहेर उभे राहून ऐकू येत नसे. ते खिडकीशी तोंड नेऊन बोलत. म्हणून तिने व्यवस्थापकांकडून त्या खोलीची किल्ली मागून घेतली. ती दिली, हे व्यवस्थापक आज नाकारीत नाहीत. किल्ली देणे म्हणजे नेमणूक नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. कायद्याने ते बरोबर आहे, आणि मला चीड येते ती त्याचीच.

पहिल्या दिवशी परत आल्यावर ती जेवायला बसली. "काय ग, जाळी-जळमटं असतील ना?" आईने विचारले.

"नव्हती."

"इतकी वर्षं बंद होती ना खोली?"

"धूळसुद्धा नव्हती आई. एक खुर्ची आहे. खिडकीकडे तोंड करून, जरा तिरकी. आत्ता कोणी उठून गेलं असावं तशी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "भट्टीची भिंत आहे ना, ऊब असते. उठावंसं वाटत नाही."

ती तिथे रोज बसू लागली. बाहेरच्यांना ती आत असल्याचे ठाऊक होते. तिने कोणापासून लपवले नव्हते. त्यांच्या विचारण्यात त्याने काडीचाही फरक पडला नाही. आणि ते फक्त भट्ट्यांचेच विचारीत नव्हते. "तीन नंबर उघडतो." "नोकरी सोडून भावाकडे जावं म्हणतो." "तिला खरं काय ते सांगून टाकतो." "थोरल्याला घराबाहेर काढतो, आता सहन होत नाही." प्रत्येकाला क्षणभर शांतता मिळे, आणि प्रत्येक जण ती शांतता म्हणजे होकार समजून निघून जाई. ताई म्हणाली, "इतक्या वर्षांत या खोलीनं कोणालाही नाही म्हटलेलं नाही. कल्पना कर."

मी कल्पना केली. मला ती आवडली नाही. तसे मी बोललेही. पण सल्लागार समितीचे मत घेऊन बाजूला ठेवायचे असते.

ताईने पाळलेला नियम स्पष्ट होता: अभ्यासकाने पाहावे, ऐकावे; मधे पडू नये. तो नियम तिने दुपारच्या एका पाळीत मोडला. भट्टीत गरम हवा फिरवायला एक पंखा असतो. त्याच्या जाळीत काचेचे तुकडे अडकले होते. खिडकीवर टकटक झाली आणि कामगारांत ज्याला लांब्या म्हणत, त्या उंच माणसाचा आवाज आला: "पंखा बंद करत नाही. चालूतच हात घालून काढतो."

आणि ताईच्या तोंडून निघून गेले, "नको."

वाचकहो, बंद खोलीतून इतक्या वर्षांनी आवाज आल्यावर माणसाने काय करायला हवे? किंचाळायला हवे, पळायला हवे, निदान दचकायला तरी हवे. लांब्या म्हणाला, "बरं." त्याने पंखा बंद केला, तुकडे काढले आणि कामाला लागला. त्याने कोणालाही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे त्याला वाटलेच नाही.

पण संध्याकाळपासून लोक खिडकीशी अधिक वेळ थांबू लागले.

आधी क्षणभर थांबत; आता उत्तर येईपर्यंत हलेनात. भट्ट्या खोळंबल्या. शेवटी ताईने, काम अडू नये एवढ्याचसाठी, एकाला "हं" म्हटले. मग दुसऱ्याला. त्या रात्री ती मला म्हणाली, "प्रबंधाचं मी वाटोळं केलं बघ. आता मी अभ्यास करत नाहीये, नोकरी करते आहे." ती हसत होती. मी तेव्हा तिच्या आवाजाकडे लक्ष दिले. तो तिचा घरचा आवाज नव्हता. कानाला यंत्र लावून बसायची तेव्हाचा होता. सपाट, स्वच्छ, कोणाचाच नसलेला.

पुढच्या आठवड्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. मी जिथे शिकवते त्या शाळेत होते, तेव्हा तिला दवाखान्यात ताईनेच नेले. कारखान्यात त्या दिवशी ती गेली नाही. मुकादमाने नंतर सांगितल्याप्रमाणे, सकाळपासून सगळे खिडकीशी ताटकळले. विचारत होते; उत्तर येत नव्हते. अखेर त्याने निवाडा दिला: "नको म्हणत नाहीत ना? मग झालं तर." जुनी रीत पुन्हा लागू झाली. लांब्याने पुन्हा पंख्याचे विचारले. पुन्हा शांतता मिळाली. त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली.

त्याला कोणी दोष दिला नाही. ताईलाही दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती धावत दवाखान्यात त्याला पाहायला गेली, तर तो म्हणाला, "आतल्यांनी हो म्हटलं होतं." तिच्या तोंडावर म्हणाला, आणि तिला ओळखून म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ताई मला म्हणाली, राग असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तिने खोली सोडणे हळूहळू बंदच केले. सुरुवातीला उशिरा का होईना घरी येत असे, पण जेवतानाही तिचे कान बाहेर असत. दारावर वाऱ्याने कडी हलली तरी मान वर होई. मग येईनाशी झाली. भट्ट्या दिवसरात्र चालतात. विचारणारे कोणत्याही वेळी येतात. कामगारांचे तिच्याशी वागणेही पालटले. पूर्वी फाटकाशी "काय ताई, आज लवकर?" म्हणणारा मुकादम आता ती कारखान्याच्या आवारातून गेली तर बाजूला सरके, पण तिच्याकडे बघत नसे. उंबऱ्यापाशी जेवणाचा डबा ठेवला जाई. कोण ठेवी, ते विचारू नये.

मी प्रथम तिच्या सरांकडे गेले. ते आनंदले. "विलक्षण! प्रबंधाला एक प्रकरण वाढेल." मी त्यांना खडसावले, तेव्हा स्वतः जाऊन पाहून येतो म्हणाले. गेले. दोन दिवसांनी मी फोन केला.

"काय झालं?"

"मी विचारलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "हं म्हणाल्या."

"काय विचारलंत?"

"त्यांना तिथे राहू द्यावं का, म्हणून."

आता अकरा मार्च. व्यवस्थापकांच्या खुर्चीमागे कारखान्याचा तक्ता टांगलेला आहे; चौकोन, रेषा, सगळे नीटनेटके. ते उठून उभे राहिले आणि छडीने एकेक चौकोन दाखवू लागले, जणू मी पाहणीला आले होते. "दाखवा तुमच्या भगिनी कुठे आहेत. ज्या पदावर कोणी नाही, किंबहुना जे पदच नाही, तिथून मी कोणाला काढू?"

"खोलीला कुलूप लावा."

"मागे लावलेलं होतं की," ते म्हणाले. "उपयोग झाला का?" आणि मग, प्रथमच खालच्या आवाजात: "बाई, एक सांगू? त्या बसायला लागल्यापासून माल फुटल्याची एकही तक्रार नाही."

मी त्यांच्या परवानगीवाचून खोलीत गेले. दाराला कडी लावलेली नव्हती. ताई खुर्चीत बसली होती, खिडकीकडे तोंड करून, जरा तिरकी. ती वाळली नव्हती, आजारी दिसत नव्हती. केस नीट विंचरलेले होते. माझ्याकडे न वळता तिने हात वर केला. फोनवर बोलणे चालू असताना ती असाच हात करून मला थांबवीत असे.

"आई तुझी वाट बघते," मी म्हटले. "चालताना काठी लागते तिला. रोज विचारते, ताई कधी येणार."

"येईन म्हणावं."

"कधी?"

"मी उठले, आणि तेवढ्यात कोणी येऊन विचारलं तर? गप्प राहणं म्हणजे होच असतं इथे. दोन बोटं गेली, बाळ."

मला बाळ म्हणणारी ती एकटीच उरली आहे. मी तिच्याशी वाद घातला. तिचेच सिद्धान्त तिच्यापुढे मांडले. म्हटले, "तूच सांगायचीस ना, खालच्यांनी देणं थांबवलं की वरच्याकडे नुसती खुर्ची उरते? मग ऊठ."

"नीट ऐकलं नाहीस तू," ती म्हणाली. "खालच्यांनी थांबवलं तर. वरच्यानं उठून काही होत नाही. आधीचे उठून गेलेच होते की. मेलेसुद्धा."

तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने तांब्या उचलून तोंडाला लावला. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. "दोन नंबर उघडतो," असे कोणीतरी बाहेरून म्हणाले. ताई पाणी पीत होती. तिचा घोट गळ्यातून खाली उतरताना मला दिसत होता.

"हं," असा आवाज आला.

तो तिचा आवाज होता. तो त्या खोलीतूनच आला. तांब्या तिच्या ओठांना लागलेला होता. बाहेरची पावले परत गेली.

ताईने तांब्या खाली ठेवला, तोंड पुसले. "आताशा नेहमी म्हणावं लागत नाही," ती म्हणाली.

"मग तू इथे कशाला हवीस?"

"मी नसले तर येत नाही. उठून पाहिलंय मी, दारापर्यंत जाऊन." तिने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिले. आपण माझ्याशी बोलत होतो हे तिला नुकतेच कळले असावे तसे. "तू आत कशी आलीस? आत कोणी येत नाही."

मी बाहेर पडले. भट्ट्यांच्या दालनातून जाताना ठरवले, की खिडकीची फळी सर्वांदेखत सरकवायची आणि तिला मोठ्याने हाक मारायची. ताई, चल घरी, अशी. कामगार आपापल्या जागी काम करीत होते. मी खिडकीपाशी पोचले. फळीच्या वरच्या बाजूला, कपाळ टेकेल त्या उंचीवर, लाकूड गुळगुळीत झालेले आहे. मी हात उचलला. माझ्या बोटांनी दोनदा टकटक केले, आणि मी माझ्या कानांनी स्वतःला असे म्हणताना ऐकले:

"मी जाऊ का?"

मान खाली घालून मी उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही.

"हं."

मी निघाले. रस्त्यावर आले, घराचा जिना चढले, तोवर मला बरे वाटत होते. ते बरे वाटणे मी कधीही विसरणार नाही. ते फार सुखाचे होते.

घरी आईचे काय चालले आहे, तेही नोंदवते. ताईची खोली रिकामी आहे. आई दुपारी काठी टेकीत तिच्या बंद दारापाशी जाते, दोनदा टकटक करते आणि विचारते, "चहा टाकू का ग?" थोडी थांबते, मग स्वयंपाकघरात येऊन आधण ठेवते. म्हाताऱ्या माणसाची सवय, म्हणून मी बोलत नसे. कालही ती दाराशी उभी राहिली. मी उत्तरपत्रिका तपासत होते. ती बराच वेळ थांबली. मग परत आली आणि तिने पेटवलेला गॅस बंद केला.

"काय झालं ग?" मी विचारले.

"नको म्हणाली," आई म्हणाली.

मी ही तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे नेऊ? कायदा मला मुखोद्गत आहे. तिला कोणी डांबलेले नाही, कोणी नेमलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. दाराला कडीसुद्धा लावलेली नाही. ज्यांच्यापाशी ती अडकली आहे ते खिडकीच्या बाहेर आहेत, आणि ते तुम्ही आहात. त्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारी माणसे याच वस्तीत राहतात. हे वाचणाऱ्यांत तुम्ही असाल, तुमचे भाऊ, तुमच्या सुना असतील. भट्ट्यांवर काटे बसवलेले आहेत. ते तुम्हाला वाचता येतात. पंखा बंद करण्याची कळ तुमच्या हाताशी आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच. उद्या सकाळच्या पाळीपासून तुमच्यापैकी एकानेही त्या खिडकीवर टकटक करू नये. काटा पाहा, आणि दार उघडायचे असेल तर उघडा. पंखा थांबवा आणि मग हात घाला. चुकलात तर, मी चुकलो, असे म्हणा. एक दिवस पुरे आहे. माझ्या बहिणीने शिकलेले शास्त्र खरे असेल, तर संध्याकाळी ती उठून घरी येईल.

आणि असे करावे का, हे कृपा करून कोणालाही विचारायला जाऊ नका.